दहा सेंटचं मासिक आणि त्यावरचं ते भडक चित्र: पल्प कव्हर म्हणजे नक्की काय प्रकार?

'पल्प फिक्शन' हा १९९४ चा सिनेमा बघितला नसेल तरी त्याचं पोस्टर तुम्ही कुठेतरी बघितलं असणारच, टीशर्टवर, हॉस्टेलच्या भिंतीवर, कॅफेमध्ये. पलंगावर पालथी पडलेली बाई, हातात सिगारेट. आता परत नीट बघा, त्या पोस्टरच्या कडा झिजलेल्या दाखवल्यात, सुरकुत्या पडल्यासारख्या, आणि वर किंमत छापलीये १० सेंट. सिनेमाच्या पोस्टरवर किंमत कशाला? आणि नवीन पोस्टर मुद्दाम जुनं, फाटकं का दाखवायचं? हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय, आणि हल्ली तर एआयवर "रेट्रो पल्प स्टाइल" असं टाकून लोक रॉकेट, राक्षस आणि किंचाळणारी बाई अशी चित्रं रोज काढतायत, पण ही स्टाइल आली कुठून ते बहुतेकांना माहीतच नाहीये. मी ही जुनी कव्हरं गेली कित्येक वर्षं वेड्यासारखी बघतोय, त्यामुळे मला जेवढं कळलंय तेवढं सोपं करून सांगतो, आणि माझी मतंही सांगणार आहे, ती पटली नाहीत तरी चालेल.

पल्प म्हणजे आधी कागद, मग गोष्ट

पल्प म्हणजे लगदा, लाकडाचा लगदा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत लाकडाच्या लगद्यापासून अगदी स्वस्त, खरखरीत कागद भरपूर मिळायला लागला. फ्रँक मन्सी नावाच्या प्रकाशकाने १८९६ मध्ये आपलं 'आर्गसी' हे मासिक त्या कागदावर छापायला घेतलं आणि त्यात फक्त गोष्टी, बाकी काही नाही, असं ठरवलं. गुळगुळीत कागद नको, आतली चित्रं फार नकोत, पण वाचायला मजकूर भरपूर आणि किंमत दहा सेंट. कारखान्यातला कामगार, दुकानातली मुलगी, शाळेतला पोरगा, सगळ्यांना परवडेल असं. ते चाललं, आणि मग बघता बघता शेकडो मासिकं निघाली, डिटेक्टिव्हची वेगळी, काउबॉयची वेगळी, विमानांची, प्रेमकथांची, भुतांची, अंतराळाची. साधारण सात इंच बाय दहा इंच असा आकार, पानं शंभरच्या वर. याच्या उलट जी श्रीमंत मासिकं होती, 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' वगैरे, ती चकचकीत कागदावर निघायची, त्यांना 'स्लिक' म्हणायचे. म्हणजे पल्प हा काही गोष्टीचा प्रकार नव्हता, तो कागदाचा दर्जा होता, गोष्टीच्या प्रकाराला ते नाव नंतर चिकटलं.

माळ्यावर जुना पेपर ठेवला की दोन-चार वर्षांत पिवळा पडतो आणि हात लावला की तुकडे होतात, बरोबर? लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो या स्वस्त कागदात तसाच राहतो, हवा आणि उजेड लागला की पिवळा पडतो, शिवाय कागदातलं आम्ल त्याला आतून खात राहतं. पल्प मासिकांचं अगदी तेच होतं. त्यात कव्हर आतल्या पानांपेक्षा थोडं मोठं ठेवलेलं असायचं, कडेने बाहेर आलेलं, त्यामुळे त्या कडा सगळ्यात आधी फाटायच्या. सिनेमाच्या पोस्टरवर ज्या झिजलेल्या कडा आहेत ना, त्या इथून आल्यात.

आत रद्दी, बाहेर रेशीम

आता गंमत बघा. आतला कागद रद्दीचा, पण कव्हर मात्र जाड, गुळगुळीत आर्ट पेपरवर, चार रंगांत छापलेलं. इतका खर्च कशासाठी? कारण ही मासिकं बरीचशी स्टॉलवर विकली जायची. वर्गणीदार कमी, जाहिराती किरकोळ, म्हणजे माणूस स्टॉलसमोरून जाताना थांबला आणि त्याने खिशातून नाणं काढलं तरच धंदा.

एसटी स्टँडवरचा पुस्तकांचा स्टॉल आठवा, गाडी सुटायला दोन मिनिटं आहेत, समोर पन्नास मासिकं एकावर एक सरकवून लावलेली, प्रत्येकाचा फक्त वरचा नाहीतर डावीकडचा पट्टा दिसतोय. त्या दोन मिनिटांत तुम्ही कोणतं ओढून काढाल? तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणजे पल्पचं कव्हर.

म्हणून प्रकाशक तिथे हात आखडता घेत नव्हते. गोष्ट लिहिणाऱ्याला बऱ्याच मासिकांत शब्दाला एक सेंट मिळायचा, म्हणजे पाच हजार शब्दांची गोष्ट लिहिली की पन्नास डॉलर. आणि 'वीअर्ड टेल्स' हे काही श्रीमंत मासिक नव्हतं, तरी ते एका कव्हरला नव्वद डॉलर द्यायचं. लेखकापेक्षा चित्रकार महाग! यावरून मासिक कोण विकत होतं ते कळतं.

चित्र इतकं भडक का, आणि वर इतकी रिकामी जागा का

लोक म्हणतात या चित्रकारांना रंगांची जाण नव्हती, नुसता लाल आणि पिवळा फासायचे. हे मला अजिबात मान्य नाही, त्यामागे छपाईचं आणि दुकानदारीचं साधं गणित आहे.

चार रंगांची छपाई म्हणजे साडीवर ठशांनी नक्षी छापतात तसा प्रकार. मूळ चित्राचे वेगवेगळ्या फिल्टरमधून फोटो घ्यायचे, त्यातून पिवळ्याचा एक ब्लॉक, किरमिजीचा एक, निळ्याचा एक, काळ्याचा एक असे चार ब्लॉक करायचे आणि एकावर एक छापायचे. रंगाच्या फिकट-गडद छटा बारीक ठिपक्यांमधून येतात. ब्लॉक केसभर जरी सरकला तरी चित्र धूसर होतं. अशा वेळी नाजूक करडे-जांभळे रंग भरले तर छापून येईपर्यंत त्यांचा चिखल होणार, पण शुद्ध पिवळा आणि शुद्ध लाल यांचं काही बिघडत नाही, ते लांबूनही दिसतात. 'डाइम डिटेक्टिव्ह'च्या कितीतरी कव्हरांवर मागे काहीच नाही, खोली नाही, रस्ता नाही, नुसता सपाट पिवळा आणि त्यावर पिस्तूल घेतलेला माणूस. आळस नाही तो! आपल्याकडे सिनेमाचे हाताने रंगवलेले बॅनर असायचे त्यात चेहऱ्यावर हिरवा-निळा रंग का मारायचे? जवळून विचित्र, रस्त्याच्या पलीकडून बरोबर. तेच इथे.

दुसरं, वरचा भाग मासिकाच्या नावासाठी सोडावाच लागायचा आणि कडेला कुठेतरी लेखकांची नावं. म्हणजे चित्रकाराकडे उरलेल्या तुकड्यात अख्खं नाट्य बसवायचं काम. त्यात बरेच जण तैलरंगात कॅनव्हासवर साधारण वीस बाय तीस इंचाचं चित्र काढायचे, जे छापताना सात बाय दहाच्या कव्हरवर यायचं, म्हणजे तिपटीने लहान. बारीक कलाकुसर सगळी बुडते, पण जो मोठा आकार, जी मोठी तिरकी रेषा आहे ती आणखी घट्ट होते. तिरक्या रेषा शोधून बघा, जवळजवळ प्रत्येक कव्हरवर सापडतील, हात तिरका, पिस्तूल तिरकं, होडी तिरकी, कारण सरळ उभा माणूस स्थिर वाटतो आणि कललेला माणूस आता पडणार असं वाटतं.

पुढच्या सेकंदाला काय होणार?

माझं सगळ्यात लाडकं मत हे आहे आणि याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. चांगलं पल्प कव्हर कधीही घटना दाखवत नाही, घटनेच्या एक सेकंद आधीचं दाखवतं. सुरा उगारलेला असतो, लागलेला नसतो. दार अर्धं उघडलेलं असतं. दोर तुटत आलेला असतो, एक धागा शिल्लक. हिरो खिडकीत पोचलाय पण आत आलेला नाही. म्हणजे चित्र तुम्हाला एक प्रश्न देऊन सोडून देतं आणि उत्तर आत आहे, दहा सेंट द्या.

हे वाटतं त्यापेक्षा खूप कठीण आहे. सुरा फार मागे असेल तर ताण नाही, फार पुढे असेल तर संपलंच. त्या एका सेकंदावर नेमकं बोट ठेवायला शरीराची रचना माहीत पाहिजे, कपड्याची चुणी कशी ओढली जाते ते माहीत पाहिजे. आणि हे लोक शिकलेले होते, बरं का. वॉल्टर बाउमहोफर, ज्याने १९३३ मध्ये सुरू झालेल्या 'डॉक सॅव्हेज' या साहसकथांच्या मासिकाची सुरुवातीची कव्हरं केली, तो न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकला. नॉर्मन सॉन्डर्स हार्वी डनकडे शिकला, आणि डन हा हॉवर्ड पाइलचा शिष्य, म्हणजे अमेरिकन चित्रकथनाचं जे मोठं घराणं आहे त्यातलीच ही माणसं, गाणं तेच, फक्त मैफल बाजारातली.

एआयच्या पल्प चित्रांत मला नेमकं हेच दिसत नाही. रंग आहेत, राक्षस आहे, बाई आहे, कडा फाटलेल्या आहेत, पण कोणालाच कुठे जायचं नाहीये, सगळे फोटोला उभे राहिल्यासारखे.

तिघांबद्दल जरा सविस्तर

फ्रँक आर. पॉल हा मूळचा ऑस्ट्रियाचा, शिक्षण वास्तुकलेचं. ह्युगो गर्न्सबॅक या प्रकाशकाने एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' काढलं, फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं इंग्रजी मासिक, आकाराने सुरुवातीला नेहमीच्या पल्पपेक्षा मोठं, आणि त्याचं पहिलं कव्हर पॉलचं. बर्फावर लोक स्केटिंग करतायत, जहाजं बर्फाच्या ढिगांवर अडकून बसलीयेत आणि मागे आकाशात कड्यांसकट भलामोठा शनी. पॉलला माणसं काढता येत नव्हती हे मी त्याचा भक्त असूनही सांगतो, त्याची माणसं लाकडी बाहुल्यांसारखी. पण यंत्रं, शहरं, इमारती! त्याचं यंत्र बघितलं की वाटतं याच्या मागच्या बाजूला पण नटबोल्ट असणार, हा माणूस नकाशा काढून आलाय. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं तेव्हा सन्माननीय पाहुणा म्हणून कोणी लेखक नव्हे, हाच चित्रकार बोलावला होता.

दुसरा जॉर्ज रोझन, 'द शॅडो'वाला, म्हणजे अंधारातून गुन्हेगारांशी लढणाऱ्या शॅडो नावाच्या गूढ हिरोचं मासिक. या मासिकाच्या पहिल्या अंकाची गोष्ट मला फार आवडते. एप्रिल १९३१ चा अंक घाईत काढायचा होता, नवीन चित्र नव्हतं, तर स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशन संस्थेने आपल्याच जुन्या साठ्यातलं १९१९ चं एक चित्र काढून वापरलं, त्यात एक चिनी माणूस आणि भिंतीवर त्याची सावली. सावली आहे ना, मग चालेल! नंतर जॉर्ज आणि त्याचा जुळा भाऊ जेरोम यांच्याकडे काम आलं, आणि जॉर्जने पुढे वर्षानुवर्षं ते इतकं वाढवलं की बस. काळी टोपी, लाल स्कार्फ, बाकदार नाक, एवढ्या तीन गोष्टी, आणि त्यातून महिन्याला दोन अंक निघत असताना प्रत्येक वेळी नवीन काहीतरी. त्याचा शॅडो पुष्कळदा माणूस म्हणून नसतोच, नुसता अंधारातून वर आलेला प्रचंड चेहरा असतो आणि खाली चिमुकले गुंड. भडक रंगांच्या त्या गर्दीत काळा रंग इतक्या धीटपणे वापरणारा दुसरा कोणी मला दिसला नाही.

आणि मार्गारेट ब्रंडेज. हिच्यावर मी रात्रभर बोलू शकतो. जन्म १९०० चा, शिकागोची. 'वीअर्ड टेल्स' हे भयकथांचं मासिक १९२३ पासून निघत होतं, आणि तेव्हा ते शिकागोतूनच निघायचं. १९३२ मध्ये तिने त्यांच्यासाठी काम सुरू केलं आणि एकूण ६६ कव्हरं केली, त्यातली १९३३ ते १९३६ मधली ३९ तर सलग, दुसऱ्या कोणाला संधीच नाही. बाकी सगळे तैलरंगात काम करत असताना ही पेस्टलच्या खडूंनी काढायची, त्यामुळे तिच्या चित्रात त्वचा अशी मऊ, धुक्यातून आल्यासारखी दिसते. सही करायची फक्त 'एम. ब्रंडेज'. ही बाई आहे हे वाचकांना बराच काळ माहीतच नव्हतं, आणि जेव्हा संपादक फार्न्सवर्थ राइटने सांगितलं तेव्हा चर्चा झाली कारण तिच्या कव्हरांवर बायका बहुतेक वेळा जवळजवळ विवस्त्र असायच्या. वाचकांच्या पत्रांत यावरून भांडणं चालायची, काहींना लाज वाटायची, काहींना हवंच असायचं. पुढे १९३८ मध्ये मासिक न्यूयॉर्कला गेलं, पेस्टल म्हणजे खडूची पूड, ट्रेनने पाठवताना झडायची भीती, शिवाय न्यूयॉर्कमध्ये तेव्हा महापौर ला गार्डियांच्या काळात असल्या चित्रांविरुद्ध मोहीम चालू होती, तिचं काम कमी होत गेलं.

तिचं ऑक्टोबर १९३३ चं कव्हर बघा. वटवाघळासारखा काळा मुखवटा चढवलेली बाई. राक्षस नाही, सुरा नाही, वाचवायला येणारा हिरो नाही. वर मी जो एक सेकंदाचा नियम सांगितला तो इथे लागूच होत नाही, आणि तरी मला विचाराल तर हे अख्ख्या पल्पमधलं सगळ्यात भारी कव्हर आहे. इतर कव्हरांवर आपण बाईकडे बघतो. इथे आपल्यालाच कोणीतरी पकडल्यासारखं वाटतं.

पण कव्हरवरचं आत गोष्टीत असतंच कुठे?

हा आक्षेप खूप जण घेतात, की कव्हर फसवतं. कधी कधी खरंच फसवायचं. पण बऱ्याचदा उलटं व्हायचं, चित्र आधी तयार असायचं आणि संपादक लेखकाला ते दाखवून सांगायचा की यात बसेल अशी गोष्ट लिहून आण. म्हणजे गोष्ट चित्रावरून. काही लेखक तर गोष्टीत मुद्दाम असा एखादा प्रसंग टाकायचे जो ब्रंडेजला काढावासा वाटेल, कारण कव्हरवर आपली गोष्ट येणं हा मान होता.

आणि कधी फसवणूक वाचणाऱ्याची स्वतःचीच. 'अमेझिंग'च्या ऑगस्ट १९२८ च्या अंकावर पॉलने एक माणूस हवेत तरंगताना काढलाय, आजही लोक छातीठोकपणे सांगतात की हा बक रॉजर्स, म्हणजे पुढे गाजलेला विज्ञानकथांतला हिरो. बक रॉजर्सची पहिली गोष्ट त्याच अंकात आहे हे खरं, पण चित्र दुसऱ्याच गोष्टीचं आहे!

आणि बायकांचं, परक्या माणसांचं जे दाखवलंय त्याचं काय?

याला माझ्याकडे सबब नाहीये. बांधलेली बाई, फाटलेला फ्रॉक, हे सूत्र होतं आणि ते वर्षानुवर्षं दळलं गेलं. 'स्पायसी' नाव असलेली मासिकं तर त्यावरच चालायची, एच. जे. वॉर्ड त्यांचा मुख्य चित्रकार, हात अप्रतिम, विषय तेच तेच, आणि दडपण इतकं आलं की १९४३ च्या सुमारास 'स्पायसी'चं 'स्पीड' करावं लागलं. विज्ञानकथांच्या कव्हरांवर अर्ल बर्गी या चित्रकाराच्या बायका अंतराळात पितळी चोळी घालून फिरतात आणि शेजारचा पुरुष पूर्ण सूटमध्ये, हे बघून तेव्हाचे वाचकसुद्धा वैतागायचे. मला बर्गी तांत्रिकदृष्ट्या आवडतो, पण ती कव्हरं मी दोन मिनिटांच्या वर बघू शकत नाही.

चिनी लोकांचं तर फारच वाईट. लांब नखं, तिरके डोळे, हिरवट-पिवळा चेहरा, १९३५ मध्ये 'द मिस्टीरियस वू फँग' नावाचं मासिकच निघालं, खलनायकाच्या नावाने. तेव्हा अमेरिकेत चिनी स्थलांतरितांना येऊ न देण्याचा कायदा लागू होता, त्यामुळे हे नुसतं चित्र नव्हतं, जे मनात होतं तेच स्टॉलवर टांगलेलं होतं. आणि पगडीवाले, मूर्तीसमोर बळी देणारे खलनायक बघितले की मला आपलं म्हणून टोचतं, मी ते कव्हर बंद करत नाही पण त्यावर प्रेमही करू शकत नाही. चित्र उत्तम आणि त्यातला विचार घाण, दोन्ही एकाच कागदावर असू शकतं, एकामुळे दुसरं पुसलं जात नाही असं माझं मत झालंय.

मग ही कला आहे का?

आपल्याकडे हा प्रश्न फार अवघड जायला नको. दिवाळी अंकावर दीनानाथ दलालांचं चित्र असायचं, तेही स्टॉलवर अंक उठून दिसावा म्हणूनच ना? म्हणून ते चित्र कमी झालं का? दलालांचा रंग वेगळा, विषय वेगळे, तुलना मी करत नाहीये, फक्त विक्रीसाठी काढलं म्हणजे कला नाही हा मुद्दा आपण तरी मांडू नये.

खरी अडचण ही की त्या चित्रकारांना स्वतःलाच ते पटत नव्हतं. जॉन न्यूटन हाउइट हा निसर्गचित्रं काढणारा माणूस, मंदी आली, कामं बंद पडली, म्हणून 'हॉरर स्टोरीज', 'टेरर टेल्स' असल्या मासिकांची छळाची, भीतीची कव्हरं काढायला लागला. एरवी पूर्ण सही करणारा हा माणूस त्या चित्रांवर फक्त 'एच' लिहायचा.

प्रकाशकांना तर काहीच किंमत नव्हती. छापून झालं की मूळ चित्र कोपऱ्यात पडायचं. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई आली, मग कॉमिक्स, पेपरबॅक पुस्तकं, टीव्ही, आणि १९४९ मध्ये स्ट्रीट अँड स्मिथने 'अस्टाउंडिंग' हे विज्ञानकथांचं मासिक सोडून आपली बाकी पल्प मासिकं बंद केली. साठवलेली चित्रं हळूहळू कचऱ्यात गेली. हजारो कव्हरांपैकी मूळ चित्रं फार थोडी उरलीयेत, म्हणूनच आज लिलावात एखादं चित्र लाख डॉलरच्याही पुढे जातं. रॉबर्ट लेसर नावाच्या एका संग्राहकाने, जेव्हा कोणी विचारत नव्हतं तेव्हापासून ती गोळा केली, २००३ मध्ये ब्रुकलिन म्युझियममध्ये त्याच्या संग्रहाचं प्रदर्शन झालं आणि नंतर त्याने तो कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन म्युझियमला देऊन टाकला.

तिकडे जाणं आपल्याला जमेलच असं नाही, पण इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवर या मासिकांचे अंकच्या अंक स्कॅन करून ठेवलेत, फुकट. सुरुवात ब्रंडेजपासून करा, मग रोझनचा शॅडो, मग पॉल. आणि हॉरर स्टोरीजचं एखादं कव्हर उघडलंत तर आधी चित्र बघू नका, झूम करून खालचा कोपरा बघा, तिथे तो एकटा 'एच' आहे का ते.